आतड्याच्या तटावर बेल, हिरडा आणि गवार

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी जो पडदा असतो, त्यावर हृदयाची रेघ सरकत असते, श्वासाची असते, रक्तदाबाचे आकडे असतात. मूत्रपिंडाचं काम खाटेला लटकवलेल्या पिशवीत दिसतं. आतड्यासाठी मात्र त्या पडद्यावर एकही रेघ नाही. डॉक्टर पोट दाबून बघतात, स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकतात, नर्स "संडास झाली का?" विचारते, आणि तेवढ्यावर अंदाज बांधला जातो. शरीरातला सर्वांत वर्दळीचा अवयव असा मुका असतो, आणि जिवावरच्या आजारात त्याचं ऐकून घेणं सर्वांत गरजेचं असतं.

का, ते बघा. तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या अस्तराचं क्षेत्रफळ स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१४ साली नव्यानं मोजलं. ते सुमारे ३२ चौरस मीटर भरलं, म्हणजे जवळपास साडेतीनशे चौरस फूट, आणि त्यातला बहुतेक भाग लहान आतड्याचा. एवढ्या पसरलेल्या अस्तराची जाडी किती? आतड्यात ती फक्त एका पेशीची, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. त्या थराच्या एका बाजूला अब्जावधी जंतू, अर्धवट पचलेलं अन्न, आम्लं, पाचकरस. दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. मधे एवढाच पडदा, आणि तोही दर तीन ते पाच दिवसांनी पूर्ण बदलतो. आज तुमच्या आतड्यात पहाऱ्यावर असलेल्या पेशींपैकी बहुतेक पुढच्या आठवड्यात नसतील. त्यांच्या जागी नव्या आलेल्या असतील, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागलेला नसेल.

नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला किल्ल्याइतकं जवळचं दुसरं काही नाही. १५९५-९६ साली मुघल फौजांनी नगरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं. किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीनं स्वतः उभं राहून एका रात्रीत ते खिंडार बुजवून घेतलं. आतड्याच्या अस्तरातही अगदी असंच घडतं. कुठे पेशी गळून पडल्या, जखम झाली, की नव्या पेशी जन्माला येण्याची वाट कुणी बघत नाही. काठावरच्या शेजारणी स्वतःला चपट्या करतात, आपली जागा सोडतात आणि सरपटत जाऊन उघडा पडलेला भाग झाकतात. लहानसं खिंडार काही मिनिटांत ते काही तासांत बुजतं. नव्या पेशी मागाहून येतात.

पेशी-पेशींच्या सांध्यांतही प्रथिनांची घट्ट वीण असते. पाणी आणि क्षार मोजूनमापून सोडायचे, जंतू आणि त्यांची विषं अडवायची, हे काम ती करते. अस्तरावर श्लेष्म्याचा, म्हणजे चिकट बुळबुळीत पदार्थाचा थर पसरलेला असतो. जंतूंनी त्या थराच्या बाहेर राहावं अशी ती व्यवस्था.

आता एखादा माणूस गंभीर आजारी पडला असं समजा. अपघात, मोठी शस्त्रक्रिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, काहीही. रक्तदाब कोसळतो. शरीर निवड करतं: मेंदू आणि हृदय आधी, आतडं नंतर. आतड्याच्या अस्तरावरच्या बोटासारख्या बारीक उंचवट्यांत येणारी आणि जाणारी रक्तवाहिनी इतकी शेजारी असते, की वर चढणाऱ्या रक्तातला काही प्राणवायू टोकाला पोहोचण्याआधीच परतीच्या वाहिनीत निसटतो. टोकं एरवीही थोडी उपाशीच असतात. रक्त कमी झालं की पहिला फटका त्यांना बसतो. त्यात वेदना शमवणारी अफूवर्गीय औषधं आतड्याची हालचाल मंदावतात. अँटिबायोटिक शत्रूसोबत घरच्या जंतूंनाही मारतं. आणि नाका-तोंडावाटे अन्न बंद असेल, तर अस्तर हळूहळू झिजू लागतं.

कॅरिको, मीकिन्स, मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडलं, की एकामागून एक अवयव निकामी होत जातात त्या घसरणीचं इंजिन आतडं असावं. पुढे तपशिलांवर बरेच वाद झाले, अजूनही होतात. पण आतडं म्हणजे निव्वळ पचनाची नळी, ही समजूत तिथून कायमची मोडली.

उपासमारीबद्दल २०१६ साली 'सेल' या नियतकालिकात उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाचताना अंगावर काटा येतो. उंदरांच्या आहारातून चोथा, म्हणजे तंतुमय भाग, पूर्ण काढून टाकला. आतड्यातल्या जंतूंना खायला उरलं नाही. मग ते अस्तरावरचा श्लेष्म्याचा थर खाऊ लागले. थर पातळ झाला, आणि त्यानंतर सोडलेल्या रोगजंतूला आत शिरायला वाट मोकळी झाली. जंतू तेच, उंदीर तेच. फरक फक्त ताटातल्या चोथ्याचा. शिवाय मोठ्या आतड्यातल्या पेशी आपलं बरंचसं इंधन रक्तातून घेतच नाहीत. जंतू चोथा आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल तयार होतं, आणि त्यावर त्या पेशी जगतात. आपलं अस्तर आपल्या पाहुण्यांच्या हातचं जेवतं.

इथे वनस्पतींची गोष्ट सुरू होते, आणि ती सांगायला अकोले तालुक्यात जायला हवं. भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या वाड्यांमध्ये हिरडा हे घरच्या औषधाइतकंच उत्पन्नाचंही साधन आहे. आतली बी धरण्यापूर्वी तोडून वाळवलेलं कोवळं फळ म्हणजे बाळहिरडा. महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात तो गोळा करतात, वाळवतात, विकतात. त्याच डोंगरांत पांढरा कुडा आहे, ज्याची साल हगवणीवर पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. मुरुडशेंग आहे, बाळगुटीतली. बेल तर गावोगावच्या महादेवाच्या देवळापाशी असतोच.

ही परंपरा फक्त डोंगरात राहिली नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीचा (पचनाच्या विकाराचा) आणि अतिसाराचा (जुलाबाचा) असे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. नगर शहरात वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं. आज ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. त्यांचं 'औषधी गुणधर्मशास्त्र' अजूनही वैद्य संदर्भाला काढतात. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यात आतड्याच्या औषधांचा अभ्यास होत आला आहे. प्रश्न एवढाच, की ही फळं आणि साली नेमकं करतात काय?

मला सर्वांत थक्क केलं ते बेलानं. मुंबईच्या 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' या संस्थेत, जिच्याशी डॉ. नोशीर अंतिया यांचं नाव जोडलेलं आहे, तन्नाझ बिर्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या बेलफळाच्या काढ्याचा अभ्यास केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जुलाब घडवणाऱ्या जिवाणूंचे सहा प्रकार घेतले, त्यांवर काढा टाकला. एकही मेला नाही. एरवी अशा वेळी निष्कर्ष निघतो, की औषध निरुपयोगी. या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला: मारत नसेल, पण मग थांबवतं का?

थांबवतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना चिकटण्याची आणि त्यांच्या आत शिरण्याची जिवाणूंची क्षमता बेलाच्या काढ्यानं बरीच कमी झाली. पटकीच्या जंतूकडून होणाऱ्या विषाच्या निर्मितीवर परिणाम झाला. आतड्याच्या पेशीवर ज्या रेणूला ते विष धरतं, तिथे धरणंही कमी झालं. जिआर्डिया हा परजीवी आणि रोटाव्हायरस यांना मात्र काढ्यानं थेट निष्प्रभ केलं. एका प्रकारच्या विषावर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवलं. याच गटानं पुढे पेरूच्या पानांचा आणि नागरमोथ्याचा अभ्यास केला. राहात्याच्या पेरूबागांत पायाखाली तुडवली जाणारी पानंही या यादीत आहेत.

याचा अर्थ किती खोल जातो पाहा. अँटिबायोटिक जंतूला मारतं, म्हणून जे जंतू त्याला पुरून उरतात तेच मागे राहतात आणि वाढतात. आयसीयूंमध्ये आज जी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची दहशत आहे, ती अशीच तयार झाली. जंतूला न मारता त्याची पकड सैल करणाऱ्या पदार्थासमोर हा दबाव बराच कमी असावा, असं मानायला जागा आहे. आपल्याच जंतूंचा संहारही टळतो. अर्थात हे सगळं काचेच्या बशीत दिसलेलं आहे. बशीत व्हेंटिलेटर नसतो, घसरलेला रक्तदाब नसतो.

हिरड्याची आणि डाळिंबाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. दोन्हींत तुरट द्रव्यं भरपूर असतात. हिरड्यामुळे तोंड आवळतं आणि डाळिंबाची साल जुलाबावर दिली जाते, ती या द्रव्यांमुळेच. हे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. ते खाली जातात, आणि तिथे काही ठराविक जंतू त्यांचे तुकडे करून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू बनवतात. २०१९ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात, पेशींवर आणि उंदरांवर, युरोलिथिन-ए मुळे पेशींमधल्या त्या घट्ट विणीची प्रथिनं वाढली आणि अस्तर गळायचं कमी झालं. म्हणजे संगमनेर-राहात्याच्या बागेतल्या डाळिंबात हे औषध तयार स्वरूपात नसतंच. कच्चा माल झाडाचा, आणि औषध बनवणारे आपल्या पोटातले जंतू!

आणि इथेच आयसीयूतली अडचण. सगळ्यांच्या पोटात हे जंतू नसतात. ज्यांच्या पोटात होते त्यांचेही दोन-तीन अँटिबायोटिकांच्या माऱ्यानंतर किती उरतील? धडधाकट माणसात काम करणारी वनस्पती अत्यवस्थ माणसात तशीच वागेल, असं गृहीत धरता येत नाही ते या कारणानं. ज्या हातांनी औषध बनायचं, ते हातच तिथे नसतात.

मग खरोखरच्या आयसीयूत, खऱ्या रुग्णांवर, वनस्पतीनं काही केलंय का? केलंय, आणि ती वनस्पती निघाली आपली गवार. गवारीच्या बियांतला डिंक विकरानं थोडा तोडला की पाण्यात सहज विरघळणारा, नळीतून जाणारा चोथा मिळतो. ब्रुसेल्सच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवरच्या, तीव्र जंतुसंसर्ग झालेल्या २५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांच्या नळीतल्या अन्नात हा चोथा होता, बाकीच्यांच्या नाही. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना आणि तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. साध्या अन्नावरच्या गटात सुमारे ३२ टक्के दिवस जुलाबाचे गेले, गवारीच्या गटात ९ टक्क्यांच्या आसपास. पंचवीसच रुग्ण, मान्य. पण नळीतून अन्न घेणाऱ्या रुग्णाला जुलाब लागले की काय होतं, हे ज्यानं जवळून पाहिलंय त्याला या आकड्याची किंमत कळेल: पाठीला जखमा, क्षारांचा गोंधळ, आणि पुष्कळदा अन्नच बंद.

चीनमध्ये रेवाचिनीचं मूळ १९९० च्या दशकापासून आयसीयूत आतडं चालू ठेवण्यासाठी वापरलं जातं. चाचण्या बऱ्याच आहेत, पण लहान आणि कच्च्या. जपानमध्ये शस्त्रक्रियेनंतर बंद पडलेलं आतडं चालू व्हावं म्हणून सुंठ, जिनसेंग आणि तिरफळाच्या जातीतली एक मिरी यांचं मिश्रण रुग्णालयात देतात. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत जीभ झिणझिणवणारं तिरफळ त्याच कुळातलं. सर्वांत मोठी चाचणीही चीनचीच. पाच वनस्पतींपासून बनवलेलं एक इंजेक्शन १,८१७ रुग्णांवर तपासलं गेलं. सगळ्यांना रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग झालेला होता. २८ दिवसांतला मृत्युदर औषधाच्या गटात १८.८ टक्के होता, तर नुसत्या मिठाच्या पाण्याच्या गटात २६.१ टक्के. हा निकाल २०२३ चा. त्या पाचांतली एक वनस्पती म्हणजे आपल्या रब्बीतली करडई, तिच्या वाळलेल्या पाकळ्या. हे औषध नेमकं आतड्याचं नाही, आणि इतर देशांत त्याची पडताळणी व्हायची आहे. पण वनस्पतीजन्य औषधाचीही अशी काटेकोर परीक्षा घेता येते, हे त्यानं दाखवून दिलं.

अशा परीक्षेचा आग्रह धरायला कारणं आहेत. ज्येष्ठमध घ्या. पोटाच्या अस्तराला जपणारं म्हणून ते सगळ्यांना ठाऊक. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये त्यातल्या द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन नावाचं जठरव्रणावरचं औषध तयार झालं, आणि ते लागूही पडलं. पण त्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरायचं, रक्तदाब चढायचा. आयसीयूतल्या माणसाचं पोटॅशियम घसरलं तर हृदयाची लय बिघडायला वेळ लागत नाही. मिरीतलं पायपरीन काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. फिट्सवरच्या फेनिटॉइनचं तर नक्कीच. घरी तीन चिमट्या मिरी खाणं वेगळं, आणि बारा औषधं चालू असलेल्या माणसाला काढा देणं वेगळं.

चांगल्या जंतूंचंही तसंच. ओडिशात साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना एक निवडक जिवाणू आणि त्याचं खाद्य दिलं, तेव्हा जंतुदोष आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. 'नेचर'मध्ये २०१७ साली हे आलं तेव्हा जगभर कौतुक झालं. चार वर्षांनी २,६५० व्हेंटिलेटरवरच्या मोठ्या माणसांवर दुसऱ्या एका जिवाणूची चाचणी झाली. न्युमोनिया टाळण्यात काहीच फायदा दिसला नाही, उलट काही रुग्णांत तोच 'चांगला' जिवाणू संसर्ग करताना सापडला. बाळं निरोगी होती, अस्तर शाबूत होतं. दुसरीकडे अस्तरच फाटलेलं. साध्या अन्नालाही हा नियम चुकत नाही. शक्य असेल तर २४ ते ४८ तासांत नळीतून अन्न सुरू करावं, असं आज मानलं जातं. पण फ्रान्समध्ये २,४१० रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचा रक्तदाब औषधांनी धरून ठेवलेला होता अशांना सुरुवातीलाच भरपूर अन्न नळीतून दिल्यावर आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाण थोडं वाढलं. त्याआधी, २०१२ साली, अमेरिकेत एक हजार रुग्णांवर असं दिसलं होतं, की पहिले सहा दिवस अगदी थोडं अन्न दिलं तरी बिघडत नाही, उलट पोट ते बरं सोसतं. पंचकर्मानंतर आधी पेज, मग दाट पेज, मग कढण अशा पायऱ्यांनी अन्नावर आणायची आयुर्वेदाची रीत इथे आठवते. तुलना फार ताणू नये, पण थकलेल्या आतड्याला हळूहळू कामाला लावायचं हे दोघांनीही रुग्णाकडे बघूनच ओळखलं.

या जिल्ह्याकडे एक मोठं उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि जुलाबानं सुकत चाललेल्या मुलांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला त्यांनी आयांना शिकवलं. साखर आणि मीठ एकत्र असली की आतड्याची पेशी दोन्ही आत ओढते आणि मागोमाग पाणी येतं, अगदी पटकीतसुद्धा. स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू औषध ठरल्या, कारण त्यांचं प्रमाण मोजलं गेलं, परिणाम तपासला गेला आणि मग ते घरोघर नेलं गेलं.

बेल, हिरडा, कुडा यांच्या वाट्याला हे अजून आलेलं नाही, आणि मला त्याची मनापासून खंत वाटते. कारण लागणारं सगळं या एकाच जिल्ह्यात आहे. अकोल्याच्या डोंगरात झाडं आणि ती ओळखणारी माणसं. राहुरीच्या कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींवरचं संशोधन. नगरला गुणेशास्त्रींचं महाविद्यालय. लोणीला प्रवरेचं रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय. सुरुवात अत्यवस्थ रुग्णापासून करायचीही गरज नाही. कच्च्या बेलाचं प्रमाणित चूर्ण, आयसीयूतून बाहेर आलेले पण जुलाब न थांबणारे रुग्ण, नातेवाइकांची लेखी संमती, आणि कुणाला काय दिलं हे न कळू देणारी पद्धत, एवढ्यावर पहिली चाचणी उभी राहू शकते. वैद्य आणि डॉक्टरांनी एका टेबलाशी बसायचं ठरवलं पाहिजे. आणि उत्तर 'उपयोग नाही' असं आलं, तर तेही छापलं पाहिजे.

तोवर तुमचं माणूस आयसीयूत असेल, तर तीन गोष्टी करा. घरी काढा, चूर्ण, आसव, ज्येष्ठमध, जे काही चालू होतं ते सगळं डॉक्टरांना सांगा, लाजू नका. नाकातल्या नळीतून घरचं काहीही परस्पर देऊ नका, अंगारा-तीर्थसुद्धा नाही. आणि रोज एकदा विचारा: "पोटात अन्न कधी सुरू करणार, आणि आज किती सोसलं?"